चालू वर्तमानकाळ पाठ आहे, पण बोलताना घसरतो: कोल्हापूरकरांसाठी दुरुस्ती

नियम सगळ्यांना पाठ असतो. ॲम, इज, आर आणि पुढं क्रियापदाला आयएनजी. वहीतली रिकाम्या जागांची उदाहरणंही बरोबर सोडवलेली असतात. तरी बोलायला सुरुवात केली की ‘आय ॲम गो टू मार्केट’, ‘ही गोइंग टू कॉलेज’, ‘आय ॲम नोइंग हिम’, ‘माय फादर आर कमिंग’. चूक दाखवली की दुरुस्त होते आणि दोन दिवसांनी परत तिथंच येते. कोल्हापुरात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवताना माझ्यापुढं सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच आहे: ‘सर, कळतंय सगळं, पण बोलताना चुकतंच.’

माझ्या मते यात विद्यार्थ्याचा आळस नसतो. अडचण आहे ती भाषांतरात. शाळेत आपल्याला ‘मी जात आहे’ म्हणजे ‘आय ॲम गोइंग’ असं शिकवलं. व्याकरणाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण कोल्हापुरात ‘मी जात आहे’ असं बोलतं कोण? गंगावेशीत फोन आला तर माणूस ‘घरी चाललोय’ म्हणतो. ताटावर असेल तर ‘जेवायलोय’. कुणी हाक मारली तर ‘आलो, आलो’. पोरगं झोपेत असेल तर ‘झोपलंय’. विचार या रूपांत डोक्यात येतो आणि पाठ केलेलं सूत्र मात्र आपण कधीच न बोलणाऱ्या वाक्याला जोडलेलं असतं. बोलण्याच्या घाईत मग सूत्र सापडतच नाही. म्हणून खालची सगळी दुरुस्ती आपण घरात खरंच बोलतो त्या मराठीपासून सुरू केली आहे.

‘करायलोय’ची कसोटी

आपल्या बोलीत एक फार उपयोगी रूप आहे आणि त्याची लाज वाटायचं काहीही कारण नाही. ‘काय करायलास?’ ‘अभ्यास करायलोय.’ ‘आई भाकरी थापायलीय.’ ‘पोरं खेळायल्यात.’ ‘पाऊस पडायलाय.’ करायला लागलोय, पडायला लागलाय, याचंच हे आटलेलं रूप. ते क्रिया चालू असल्याचं सांगतं, दुसरं काही नाही.

‘करतोय’ मात्र आपल्याकडं दोन कामं करतं. ‘मी रोज तालमीत जातोय की’ असं आपण सहज म्हणतो, आणि तिथं अर्थ सवयीचा असतो. या ‘जातोय’वरून इंग्रजी केलं की ‘आय ॲम गोइंग टू तालीम डेली’ तयार होतं. हवं होतं ‘आय गो टू द तालीम एव्हरी डे’.

तेव्हा शंका आली की वाक्य मनात ‘-आयलोय’ किंवा ‘-आयलाय’ लावून बघा. ‘आई भाकरी थापायलीय’ बसतं, म्हणून ‘मदर इज मेकिंग भाकरी’. ‘सूर्य पूर्वेला उगवायलाय’ हे फक्त पहाटे खिडकीतून बघत असाल तरच बसेल. एरवी ‘उगवतो’, म्हणून ‘द सन रायझेस इन द ईस्ट’. ‘मला माहीत असायलंय’ हे कुणीच म्हणणार नाही. म्हणून ‘आय नो’, नुसतं. ‘माझ्याकडं गाडी असायलीय’ हेही हास्यास्पद होतं, म्हणून ‘आय हॅव अ बाइक’. ‘आय ॲम हॅविंग अ बाइक’ नव्हे.

ही कसोटी आणखी एका ठिकाणी चोख चालते. गडहिंग्लजचा मुलगा पोलीस भरतीच्या तयारीसाठी कोल्हापुरात खोली घेऊन राहिला आहे. तो म्हणतो, ‘सध्या रोज पहाटे पळायलोय.’ हे बोलताना तो पळत नसतो, चहाच्या गाड्यावर उभा असतो. पण इंग्रजीतही इथं चालू काळच येतो: ‘दीज डेज आय ॲम रनिंग एव्हरी मॉर्निंग.’ तात्पुरतं, सध्यापुरतं चाललेलं काम. घराबद्दल विचारलं तर त्यानं ‘आय लिव्ह इन गडहिंग्लज, बट आय ॲम स्टेइंग इन कोल्हापूर नाऊ’ म्हणावं. कायमचं एकीकडे, तात्पुरतं दुसरीकडे. ‘एव्हरी’ दिसलं की साधा वर्तमानकाळ, ‘नाऊ’ दिसलं की चालू, असे शॉर्टकट गाइडांत असतात. या मुलाच्या वाक्यात ते लगेच फसतात.

जर्मन शिकलेल्या कुणाला विचारून बघा. त्या भाषेत ‘करतो’ आणि ‘करायलोय’ यांसाठी क्रियापदाची वेगवेगळी रूपं नाहीत, त्यामुळे जर्मन माणसाला इंग्रजी शिकताना हा भेद नव्यानं समजून घ्यावा लागतो. आपल्याकडं तो घरचाच आहे.

‘आय ॲम गो’, ‘आय ॲम वर्क’, ‘आय ॲम लाइक मिसळ’

नवशिक्यांची सगळ्यात चिवट चूक ही. मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधीची पिढी पाचवीत एबीसीडी शिकली. पण दोघांचीही सुरुवात सारखीच झाली: आय ॲम अ बॉय, आय ॲम अ गर्ल, आय ॲम अमुक तमुक. इतक्या वेळा घोकलं की ‘मी’ म्हणजे ‘आय ॲम’ अशी एकच गाठ बसली. आता ‘मी’ डोक्यात आला की तोंडातून ‘आय ॲम’ निघतं, पुढं काहीही येवो. त्यात आपण ‘मी शिरोलीत फौंड्रीत कामाला आहे’ असं म्हणतो. शेवटी ‘आहे’ आहेच, म्हणून ‘आय ॲम वर्क इन फौंड्री’.

ही गाठ नियम सांगून सुटत नाही, जिभेच्या सवयीनंच सुटते. मी वर्गात असं करून घेतो. आधी फक्त ‘आय’वर थांबायचं. आय. एक श्वास. मग ठरवायचं: पुढं क्रियापद साधं घ्यायचं आहे का? मग ‘ॲम’ तोंडात येऊ द्यायचं नाही. आय वर्क. आय लाइक. आय ईट. क्रिया चालू आहे का? मग ‘ॲम’ आणि ‘आयएनजी’ दोन्ही घ्यायचे, एकटा कुणीही नाही. आय ॲम वर्किंग. आय ॲम ईटिंग. पहिले काही दिवस बोलणं अडखळत होईल. होऊ द्या. त्या अडखळण्यातच गाठ सैल होते, आणि वेग नंतर आपोआप येतो.

जोड्या करून म्हणा, मोठ्यानं म्हणा. ‘आय ईट मिसळ ऑन संडेज. आय ॲम ईटिंग मिसळ.’ ‘आय वर्क ॲट शिरोली. आय ॲम वर्किंग, कॉल मी लेटर.’ दोन वाक्यं पाठोपाठ तोंडातून गेली की फरक कानाला कळतो.

‘ही गोइंग’: मधला ‘इज’ कुठं जातो?

याची उलटी चूक. दोन कारणं. मराठीत ‘जातो आहे’चं ‘जातोय’ होतं, ‘आहे’ क्रियापदात विरघळतं. आणि इंग्रजी बोलणारेही ‘ही इज गोइंग’ म्हणत नाहीत, ‘हीज गोइंग’ म्हणतात. ‘दे आर’चं ‘देअर’ होतं, ‘आय ॲम’चं ‘आइम’. क्रिकेटची कॉमेंट्री किंवा सिनेमा ऐकताना आपला कान तो बारीक ‘ज’ पकडत नाही आणि ‘ही गोइंग’च ऐकू येतं. तेव्हा सुरुवातीला आखूड रूपं वापरूच नका. पूर्ण ‘ही इज’, ‘वुई आर’ असंच म्हणा. जरा पुस्तकी वाटेल, पण बरोबर असेल.

एक दिलासा: कोल्हापूरच्या मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात म्हणून पुण्यात त्यांना टोकलं जातं. इंग्रजीत क्रियापदाला लिंगच नाही. बघायचं ते फक्त कोण आणि किती.

बसलाय, झोपलाय, फेटा बांधलाय

इथं जरा थांबून वाचा, कारण गाइडांत हा भाग मला जवळजवळ कधीच सापडत नाही आणि चांगले चांगले विद्यार्थी इथं अडकतात.

शरीराची स्थिती सांगताना मराठी क्रिया पूर्ण झाल्याचं रूप वापरते. ‘आजोबा कट्ट्यावर बसलेत.’ म्हणजे बसण्याची क्रिया झाली, आता ते त्या स्थितीत आहेत. इंग्रजी मात्र त्या स्थितीलाच चालू क्रिया मानते: ‘ग्रँडफादर इज सिटिंग ऑन द कट्टा.’ विद्यार्थी ‘बसलेत’मधला ‘ले’ बघतो आणि ‘ही इज सॅट’ किंवा ‘ही हॅज सॅट’ म्हणतो. करायलाय-कसोटीही इथं फसवते. ‘बसायलेत’ म्हणजे ते आत्ता खाली टेकायला लागलेत. तो वेगळा क्षण आहे, त्याला ‘ही इज सिटिंग डाउन’.

अशी क्रियापदं मोजकीच आहेत, पण रोज लागतात. बाळ झोपलंय: ‘द बेबी इज स्लीपिंग.’ मी रंकाळ्यावर उभा आहे: ‘आय ॲम स्टँडिंग ॲट रंकाळा.’ इथं तर मराठीत क्रियापदच नाही, नुसतं ‘उभा आहे’. पुस्तक जमिनीवर पडलंय: ‘द बुक इज लाइंग ऑन द फ्लोअर.’ तो भिंतीला टेकलाय: ‘ही इज लीनिंग अगेन्स्ट द वॉल.’ तिच्या हातात पिशवी आहे: ‘शी इज कॅरिंग अ बॅग.’ शर्ट खुंटीला अडकवलाय: ‘द शर्ट इज हँगिंग ऑन द पेग.’

कपड्यांचं तर खास बघा. ‘पाहुणे फेटा बांधायलेत’ म्हणजे कापड हातात आहे, डोक्याला गुंडाळणं चालू आहे: ‘ही इज टाइंग अ फेटा.’ ‘पाहुण्यांनी फेटा बांधलाय’ म्हणजे तो डोक्यावर आहे: ‘ही इज वेअरिंग अ फेटा.’ तसंच ‘चप्पल घालायलोय’ म्हणजे ‘आय ॲम पुटिंग ऑन माय चप्पल्स’, आणि ‘कोल्हापुरी घातलीय’ म्हणजे ‘आय ॲम वेअरिंग कोल्हापुरीज’. शब्दकोशात ‘वेअर’ला ‘घालणे’ एवढंच दिलेलं असतं, त्यानं हा घोटाळा होतो. ‘वेअर’चा अर्थ ‘अंगावर असणे’ असा वहीत लिहून ठेवा.

‘आलो, आलो’ याच घरातलं. आईनं जेवायला हाक मारली, आपण अजून मोबाइलवर आहोत, तरी ‘आलो’ म्हणतो. इंग्रजीत ‘आय केम’ म्हणालात तर समोरचा तुम्ही कुठं दिसता का ते बघेल. ‘आय ॲम कमिंग.’ ‘निघालो’ला ‘आय ॲम लीव्हिंग.’ आणि निरोप घेताना आपण ‘येतो’ म्हणतो, कारण घरातून निघताना ‘जातो’ म्हणणं आपल्याला अशुभ वाटतं. इंग्रजीत तिथं ‘आय ॲम कमिंग’ चालत नाही. ‘आय ॲम लीव्हिंग’ किंवा नुसतं ‘सी यू’.

याच्या उलटही एक गट आहे. ‘दमलोय’, ‘भूक लागलीय’, ‘कंटाळा आलाय’. इथं आयएनजी नको. ‘आय ॲम टायर्ड’, ‘आय ॲम हंग्री’, ‘आय ॲम बोअर्ड’. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणजे माझ्यामुळं इतरांना कंटाळा येतो. मुलाखतीत हे वाक्य गेलेलं मी ऐकलं आहे आणि त्या मुलीला कुणी कारणही सांगितलं नाही, याचं वाईट वाटलं.

‘आय ॲम अंडरस्टँडिंग, सर’

कसोटी जिथं हमखास चुकते ती जागा म्हणजे मन आणि इंद्रियं. आपण बिनधास्त म्हणतो: ‘मला कळायलंय’, ‘मला दिसायलंय’, ‘ऐकू यायलंय’, ‘आठवायलंय’. मराठीला त्यात काही अडचण नाही. इंग्रजी मात्र कळणं, दिसणं, आवडणं, हवं असणं याला काम मानत नाही, अवस्था मानते. कामाला चालू रूप, अवस्थेला साधं. ‘आय अंडरस्टँड.’ ‘आय कॅन सी पन्हाळा फ्रॉम हिअर.’ ‘आय कॅन हिअर यू.’ ‘आय रिमेंबर.’ ‘आय वाँट टी.’ ‘आय नीड चेंज.’ ‘धिस बॅग बिलाँग्ज टू मी.’

हीच क्रियापदं कधी खरंच काम करतात, तेव्हा आयएनजी येतो. ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर, कारण इथं ‘हॅव’ म्हणजे जेवणं. ‘आय थिंक ही इज राइट’ हे मत. ‘आय ॲम थिंकिंग’ हे डोकं चालवणं. ‘आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो’ म्हणजे भेटणार आहे. नवशिक्यांनी यांची यादी घोकत बसू नये. आधी नो, अंडरस्टँड, वाँट, नीड, लाइक, हॅव, सी, हिअर ही 8 पक्की करा. रोजच्या बोलण्यातल्या बहुतेक चुका एवढ्यातच असतात.

‘माय फादर आर कमिंग’

ही चूक संस्कारातून येते. बाबा येतायत, साहेब बोलतायत, सर शिकवतायत. मान द्यायचा म्हणून आपण अनेकवचन वापरतो आणि तोच मान इंग्रजीत ‘आर’ होऊन उतरतो. इंग्रजीत एक माणूस म्हणजे ‘इज’, मग तो कलेक्टर असो नाहीतर आजोबा. ‘माय फादर इज कमिंग.’ ‘सर इज टीचिंग.’ त्यात अनादर नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोघांनाही मात्र ‘यू आर’. आणि ‘पोलीस’ दिसायला एक, पण इंग्रजीत कायम ‘आर’: ‘द पोलीस आर चेकिंग लायसन्सेस ॲट बिंदू चौक.’

प्रश्न विचारताना

‘तू कुठं चाललायस?’ मराठीत प्रश्नासाठी शब्दांची जागा हलत नाही, म्हणून ‘व्हेअर यू आर गोइंग?’ होतं. ‘आर’ उचलून ‘यू’च्या आधी ठेवायचा: ‘व्हेअर आर यू गोइंग?’ ‘व्हाय इज शी क्राइंग?’ पण ‘टेल मी’ किंवा ‘आय डोंट नो’ने सुरुवात झाली तर परत सरळ: ‘टेल मी व्हेअर यू आर गोइंग.’ हे दुसरं रूप ऐकून ऐकून पहिलं बिघडतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून पहिला महिनाभर फक्त सरळ प्रश्न विचारा.

‘पासून’ आलं की सावध

‘मी दोन वर्षं झाली इथं काम करायलोय.’ कसोटी पास होते, क्रियाही चालू आहे, तरी ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ चूक. ‘पासून’, ‘झाली’, ‘झाले’ असा मागचा धागा जोडला की इंग्रजी दुसऱ्या काळात जाते: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.’ किती वेळ ते सांगायचं तर ‘फॉर’, कधीपासून ते सांगायचं तर ‘सिन्स’. नवशिक्यांनी सध्या एवढंच एक वाक्य साच्यासारखं पाठ करावं. त्या काळाचा अभ्यास पुढं होईल.

उद्याचं मात्र सोपं आहे. ‘उद्या मुंबईला चाललोय’ आणि ‘आय ॲम गोइंग टू मुंबई टुमॉरो’, दोन्ही भाषा एकाच वाटेनं जातात. तिकीट काढलंय, ठरलंय, असं असेल तर बेलाशक वापरा. गाडीचं वेळापत्रक सांगताना तेवढं साधं रूप: ‘द महालक्ष्मी एक्स्प्रेस लीव्हज ॲट नाइट.’

स्पेलिंगबद्दल थोडक्यात. शेवटचा मुका ‘ई’ गळतो: मेक, कम, राइट यांच्या आयएनजी रूपांत तो लिहू नका. ‘रन’, ‘सिट’, ‘कट’, ‘स्विम’ यांचं शेवटचं अक्षर दुहेरी होतं. ‘ओपन’चं होत नाही, ‘बिगिन’चं होतं, कारण ‘बिगिन’मध्ये जोर शेवटच्या भागावर आहे. ‘डाय’ आणि ‘लाय’चे ‘आयई’ जाऊन ‘वाय’ येतो. बोलण्यावर याचा काही परिणाम नाही, म्हणून बोलणं बसेपर्यंत यात अडकू नका.

सराव कुठं करायचा

चार भिंतींत ‘राम इज ईटिंग अ मँगो’ म्हणून हा काळ बसत नाही. समोर काहीतरी घडत असलं पाहिजे. हंगामात जवळच्या गुऱ्हाळावर जा. तिथं दोन्ही काळ शेजारी शेजारी मिळतात. गूळ कसा करतात ते सांगायचं तर साधा: ‘दे क्रश द केन. दे बॉइल द ज्यूस.’ समोर काय चाललंय ते सांगायचं तर चालू: ‘द ज्यूस इज बॉइलिंग इन द काहिल. वन मॅन इज फीडिंग द फायर. द गुळव्या इज स्टरिंग.’ मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, घरी ऐका आणि प्रत्येक वाक्यात ‘इज’ किंवा ‘आर’ ऐकू येतो का एवढंच तपासा. बाकी चुका त्या दिवशी सोडून द्या.

शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघताना धावतं समालोचन करायचा मोह होतो. ते आधी नको. समालोचक ‘ही पासेस, ही शूट्स’ असं साधं रूप वापरतात, कारण लाथ मारून झालेली असते, चालू राहायला वेळच नसतो. तिथं बघायचं तर प्रेक्षकांकडं बघा. ‘पीपल आर शाउटिंग. अ बॉय इज वेव्हिंग अ फ्लॅग. टू मेन आर आर्ग्युइंग. समवन इज सेलिंग शेंगदाणे.’ शेजारी मित्र असेल तर त्यानं विचारायचं, ‘व्हॉट इज ही डुइंग?’ आणि बोट दाखवायचं एखाद्या बसलेल्या, टेकलेल्या, टोपी घातलेल्या माणसाकडं. उत्तर ‘ही इज सॅट’ आलं, तर वरचा फेट्याचा भाग पुन्हा वाचा.